मूत्रपिंड रुजले, मॅग्नेशियम गळाले

डिसेंबर १९५२. पॅरिसमध्ये सुतारकाम शिकणारा मारियुस रनार हा सोळा वर्षांचा मुलगा परांचीवरून पडला. डॉक्टरांनी त्याचे फुटलेले उजवे मूत्रपिंड काढले, आणि मग कळले की डावे त्याला जन्मतःच नव्हते. नाताळच्या रात्री नेकेर रुग्णालयात त्याच्या आईचे मूत्रपिंड त्याला बसवले गेले. ते लगेच कामाला लागले. पण तीन आठवड्यांत शरीराने ते नाकारले आणि मुलगा गेला. परके मूत्रपिंड टिकवायचे कसे हेच जिथे कोणाला ठाऊक नव्हते, तिथे मॅग्नेशियमची चौकशी कोण करणार?

साठच्या दशकात हा नकार रोखायला अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधांची जोडी आली. खरी कलाटणी मात्र मातीतून मिळाली. १९६९ मध्ये सँडोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरची माती सुटीहून येताना सोबत आणली. तिच्यातल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिले, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे यश एकदम वधारले.

पण काही रुग्णांचे हात थरथरू लागले, काहींना झटके आले. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या त्रासाचा संबंध रक्तातल्या घटलेल्या मॅग्नेशियमशी जोडला गेला. ते रुग्ण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे होते, म्हणजे त्यांची मूत्रपिंडे स्वतःचीच होती. संशय औषधावर गेला तो रास्तच होता.

हा संबंध दिसला, कारण तोवर मॅग्नेशियम मोजणे सोपे झाले होते. शरीरातले जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम रक्तात असते. उरलेले हाडांत आणि पेशींत. जुन्या रासायनिक पद्धतींनी ते मोजणे किचकट काम होते. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी अणू-शोषण वर्णपटमापन मांडले आणि काही वर्षांतच त्यांचे सहकारी विलिस यांनी त्याच तंत्राने रक्तद्रवातले मॅग्नेशियम मोजून दाखवले. वैद्यकाच्या इतिहासात औषधांचा गाजावाजा होतो, मोजमापाच्या यंत्रांचा फारसा होत नाही.

१९८४ मध्येच जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतून टॅक्रोलिमस हे त्याच कामाचे दुसरे औषध मिळाले. सायक्लोस्पोरिनमुळे अंगावर केस वाढत, हिरड्या सुजत. वयात येणाऱ्या मुलींना हे सोसणे किती जड जात असेल! टॅक्रोलिमसने तो जाच बराच कमी केला. मॅग्नेशियमची गळती मात्र वाढवली. युरोपात १९६ मुलांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत ५९ टक्के, तर टॅक्रोलिमस घेणाऱ्यांत ३७ टक्के निघाले. मॅग्नेशियम कमी होण्याचे आकडे नेमके उलटे होते: १३ टक्के आणि ३४ टक्के. डॉक्टरांनी टॅक्रोलिमसच निवडले. मूत्रपिंडच गेले तर मॅग्नेशियम सांभाळून करायचे काय?

गळती कुठून होते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून २००४ मध्ये उलगडले. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या एका टप्प्यावर ‘टीआरपीएम६’ नावाची प्रथिनांची दारे असतात. लघवीत निघालेले मॅग्नेशियम तिथून परत आत घेतले जाते. टॅक्रोलिमसमुळे ही दारेच कमी होतात. साहजिकच नाचणी, तीळ, बदाम कितीही खाल्ले तरी भरपाई अपुरी पडू शकते, आणि मग गोळ्या द्याव्या लागतात. त्या जास्त झाल्या की जुलाब होतात, म्हणून दिवसभराची मात्रा वाटून देतात. मॅग्नेशियम असलेली काही आम्लनाशके मायकोफेनोलेट या प्रत्यारोपणानंतरच्या नेहमीच्या दुसऱ्या औषधाचे शोषण घटवतात, त्यामुळे या दोहोंमध्ये अंतर ठेवावे लागते. आधीच गोळ्यांना कंटाळलेल्या मुलाच्या वेळापत्रकात ही आणखी एक भर.

त्यातून सोडियम-पोटॅशियमच्या नेहमीच्या तपासणीत मॅग्नेशियम बहुधा येत नाही. डॉक्टरांना ते वेगळे लिहून मागवावे लागते.