गळ्यात मारलेला विमा आणि ब्रिटिश कर्जदारांच्या तक्रारी

पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, ब्रिटनमध्ये घरोघरी माहीत झालेला ‘पीपीआय’, हा कर्जाच्या हप्त्यांचा विमा. कर्जदार आजारी पडला, त्याला अपघात झाला किंवा त्याची नोकरी गेली, तर ठरावीक काळ, बहुधा वर्षभर, त्याचे हप्ते विमा कंपनीने भरायचे. वैयक्तिक कर्ज, गृहकर्ज, क्रेडिट कार्ड, मोठ्या दुकानांची उधारीची कार्डे अशा सगळ्यांबरोबर तो विकला गेला. १९७० च्या दशकापासून अशा सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक १९९० ते २०१० या काळातल्या होत्या. फसवून विकलेल्या पॉलिसींपोटी २०११ पासून बँकांना आणि वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. ग्राहकांना एवढी मोठी भरपाई देण्याची वेळ ब्रिटनमध्ये त्याआधी कधीच आली नव्हती.

मूळ कल्पनेत खोट नव्हती. अमेरिकेत आर्थर मॉरिस यांनी १९१७ मध्ये छोट्या कर्जदारांसाठी आयुर्विमा सुरू केला, तो कर्जदार वारला तर कर्जाचे ओझे बायकामुलांवर पडू नये म्हणून. ब्रिटनमध्ये १९८२ साली हप्त्याने खरेदीवरचे सरकारी निर्बंध उठले आणि सामान्य माणसाला कर्ज मिळणे सोपे झाले. १९८० च्या दशकाने बेकारीही पाहिली होती, त्यामुळे हप्ते थकण्याची भीती खरी होती. ऑक्टोबर १९९५ मध्ये सरकारने त्यात भर घातली. नवे गृहकर्ज घेणाऱ्याची नोकरी गेली तर व्याजासाठी मिळणारी सरकारी मदत पहिले नऊ महिने मिळेनाशी झाली. ही उणीव खासगी विम्याने भरून काढावी, अशी अपेक्षा होती. गरज खरी असल्यामुळेच विक्रेत्याचे काम सोपे झाले.

बिघाड झाला तो विक्रीच्या रीतीत. कर्जाच्या जाहिरातीत व्याजदर ठळक छापला जाई आणि ग्राहक त्यावरूनच बँक निवडत असे. विम्याची किंमत मात्र कुणी चार ठिकाणी विचारून पाहत नसे, कारण कर्ज मंजूर होईपर्यंत तिचा उल्लेखच होत नसे. त्यामुळे बँका व्याजदर कमी ठेवत आणि नफा विम्यातून काढत. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने पुढे हिशेब मांडला, तेव्हा बारा मोठ्या विक्रेत्यांनी २००६ या एका वर्षात भांडवलाचा खर्च वजा जाता १.४ अब्ज पौंड जादा कमावल्याचे दिसले. मोटार विम्यात गोळा झालेल्या दर १०० पौंडांपैकी सुमारे ७८ पौंड दाव्यांपोटी ग्राहकांकडे परत जात, घराच्या विम्यात ५४. पीपीआयमध्ये हा आकडा १४ च्या आसपास होता.

सर्वांत जाचक प्रकार एकरकमी हप्त्याचा. विम्याचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी कर्जात मिळवले जात आणि त्यांवरही व्याज लागे. समजा, १०,००० पौंडांचे कर्ज आणि २,००० पौंडांचा विमा. कर्जदाराच्या हातात पडत १०,०००, व्याज चालू होई १२,००० वर. कर्ज मुदतीआधी फेडले तरी विम्याचे पैसे त्या प्रमाणात परत मिळत नसत. कित्येकदा कर्ज दहा वर्षांचे असे आणि विमा पाचच वर्षांचा. विमा संपल्यावरही त्याच्या किमतीवरचे व्याज पुढची पाच वर्षे भरावे लागे. आपल्याकडे गृहकर्जाच्या रकमेत विम्याचा हप्ता घातला जातो, तो अनुभव असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. बँकेने विकलेल्या विम्याबाबतची तक्रार भारतात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत २०१७ मध्ये आली.

विक्री कुणाला होते आहे, याचीही फिकीर नसे. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला बेकारीच्या कलमाचा लाभ मिळणे जवळजवळ अशक्य होते. जुन्या दुखण्यांना संरक्षण नव्हते, आणि पाठदुखी व मानसिक ताण या कामावरच्या गैरहजेरीच्या दोन नेहमीच्या कारणांवर अनेक पॉलिसींत कडक अटी होत्या. काही सरकारी नोकरांना आजारपणात सहा महिने पूर्ण आणि पुढे सहा महिने अर्धा पगार मिळतच होता. या सर्वांना विमा विकला गेला, निवृत्तांनाही विकला गेला. विमा घेतला तर कर्ज लवकर मंजूर होईल असे सुचवले जाई. तो ऐच्छिक आहे हे सांगायचे राहून जाई, आणि काही अर्जांत विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असे. आपल्याकडे असा विमा होता, हे अनेकांना वर्षांनंतर जुनी कागदपत्रे चाळताना कळले.

या साऱ्याला पहिली संघटित वाचा सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेने फोडली. कर्जाने गांजलेल्या लोकांना मोफत सल्ला देणारी तिची केंद्रे देशभर आहेत, आणि विमा असूनही दावा नाकारलेली माणसे तिथे येत होती. २००२ च्या एंटरप्राइझ अॅक्टने निवडक ग्राहक संस्थांना एक खास अधिकार दिला होता. एखाद्या बाजारात ग्राहकांचे सरसकट नुकसान होत असेल, तर त्या ‘सुपर-कम्प्लेंट’ करू शकत आणि सरकारी खात्याला ९० दिवसांत उत्तर द्यावे लागे. सप्टेंबर २००५ मध्ये सिटिझन्स अॅडव्हाइसने पीपीआयविरुद्ध ही तक्रार ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्याकडे दाखल केली. फेब्रुवारी २००७ मध्ये प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेले. जानेवारी २००९ मध्ये आयोगाने कर्ज देतानाच विमा विकण्यावर बंदी सुचवली. बार्कलेज बँकेने त्याविरुद्ध दाद मागितली, आयोगाला फेरविचार करावा लागला, आणि बंदी प्रत्यक्षात यायला २०१२ उजाडले.

दरम्यान वित्तीय नियामक एफएसएने जानेवारी २००५ पासून विमाविक्रीवर देखरेख सुरू केली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये अलायन्स अँड लेस्टर बँकेला ७० लाख पौंड दंड झाला. वैयक्तिक कर्जांबरोबरचा एकरकमी विमा २००९ च्या मध्यापर्यंत बंद करायला लावला गेला. पण दंडाची रक्कम ग्राहकाकडे जात नाही. ज्याने पैसे भरले त्याला ते परत मिळण्याचा रस्ता वैयक्तिक तक्रारीतूनच जात होता.

तो रस्ता असा होता. कर्जदाराने आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. बँकेने आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यायचे. उत्तर पटले नाही, तर सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जायचे. २००१ पासून काम करणाऱ्या या लोकपालाकडे ग्राहकाला एक पैसाही पडत नाही, प्रकरणाचे शुल्क बँकेकडून घेतले जाते. लोकपालाचा निर्णय ग्राहकाने मान्य केला की तो बँकेवर बंधनकारक ठरतो. वकील लागत नाही. पीपीआयसाठी एक प्रश्नावली तयार केली गेली होती. विक्रीच्या वेळी नोकरी कोणती होती, आजारपणात पगार मिळत होता का, प्रकृती कशी होती, विमा समोरासमोर विकला की फोनवर, विक्रेत्याने तो घ्यावा असा सल्ला दिला की नुसती माहिती दिली, असे तिचे स्वरूप होते. जुनी कागदपत्रे अनेकदा दोन्हीकडे नसत. मग कोणती हकीकत अधिक संभवनीय, यावर निर्णय होई.

तक्रार मान्य झाली, तर विमा घेतलाच नसता तर कर्जदार ज्या स्थितीत असता, तिथे त्याला नेऊन ठेवायचे, हे भरपाईचे तत्त्व. विम्याचे सगळे हप्ते, त्यांवर भरलेले व्याज, आणि पैसे हातात नव्हते त्या काळासाठी वर्षाला ८ टक्के सरळव्याज. या ८ टक्क्यांच्या व्याजावर प्राप्तिकर लागे, आणि कर्ज थकले असेल तर बँक भरपाई परस्पर थकबाकीत वळती करून घेई. ज्यांना पैशांची सर्वांत जास्त निकड होती, अशा अनेकांच्या हातात त्यामुळे फारसे काही पडले नाही.

२००८ च्या जुलैमध्ये लोकपालाने नियामकाला पत्र लिहून कळवले की, बँका सरसकट चुकीच्या रीतीने तक्रारी फेटाळत आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये एफएसएने तक्रारी कशा हाताळाव्यात याचे नियम जाहीर केले. त्यांचा गाभा असा होता की, बँकेने तपशीलवार नियम पाळले एवढे पुरेसे नाही, ग्राहकाशी न्याय्य वागण्याच्या मूलतत्त्वावरही विक्री तपासायची. शिवाय तक्रारींतून एकच दोष पुन्हा पुन्हा दिसला, तर तक्रार न केलेल्या ग्राहकांचाही विचार करायचा. ब्रिटिश बँकर्स असोसिएशनने याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. नियम आम्ही पाळले, आता मोघम तत्त्वांवरून मागच्या विक्रीचा न्याय करता येणार नाही, असा बँकांचा युक्तिवाद होता. खटला चालू असताना अनेक बँकांनी हजारो तक्रारी नुसत्या बाजूला ठेवून दिल्या.

२० एप्रिल २०११ रोजी न्यायमूर्ती ओसली यांनी बँकांची याचिका फेटाळली. तत्त्वे नियमांच्या वर आहेत, आणि नियम हे त्या तत्त्वांचेच ठरावीक प्रसंगांतले रूप आहे, असे निकालाचे सार होते. पीपीआयच्या साऱ्या इतिहासात इतका दूरवर परिणाम करणारा दिवस दुसरा नाही. ५ मे रोजी लॉइड्स बँकेने इतर बँकांची साथ सोडली आणि भरपाईसाठी ३.२ अब्ज पौंड बाजूला काढले. चार दिवसांनी असोसिएशनने अपील न करण्याचे जाहीर केले. सुरुवातीचा तो आकडा किती अपुरा होता, हे पुढे दिसले. एकट्या लॉइड्सचा बोजा अखेर २२ अब्ज पौंडांच्या जवळ गेला.

निकालानंतर तक्रारींचा पूर आला. लोकपालाकडे २०१२-१३ या एका वर्षात पीपीआयची ३ लाख ७८ हजारांहून जास्त नवी प्रकरणे आली. बँकांनी तक्रारी निकाली काढायला मोठी केंद्रे उभारली, पण तिथे दुसरा अन्याय घडला. लॉइड्सने २०१२-१३ मध्ये तक्रार तपासणाऱ्यांना सांगून ठेवले होते की, आपली विक्रीपद्धत निर्दोष होती असे धरून चालायचे. त्यामुळे अनेक रास्त तक्रारी फेटाळल्या गेल्या. जून २०१५ मध्ये त्याबद्दल बँकेला ११ कोटी ७० लाख पौंडांचा दंड झाला. क्लाइड्सडेल बँकेच्या तक्रार विभागातील काहींनी तर लोकपालाकडे पाठवायच्या नोंदींत फेरफार केला होता. तिला त्याच वर्षी एप्रिलमध्ये २ कोटी ७ लाख पौंडांचा दंड झाला. आधी फसलेल्या ग्राहकाची तक्रार करतानाही फसवणूक व्हावी, ही या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे.

ग्राहक आणि बँक यांच्यामध्ये तिसराही उभा राहिला. दावे चालवून देणाऱ्या खासगी कंपन्या भरपाईतून २५ ते ३० टक्के आणि वर कर घेत. फुकट करता येण्याजोग्या कामाची ही किंमत होती. त्यांच्या फोन आणि संदेशांनी लोक हैराण झाले. मार्टिन लुइस या पत्रकाराने तक्रारपत्रांचे नमुने मोफत उपलब्ध करून दिले आणि कुणालाही पैसे न देता तक्रार करता येते, हे वर्षानुवर्षे सांगितले. या कंपन्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची मर्यादा मात्र जुलै २०१८ मध्ये आली, तोवर बहुतेक पैसा वाटून झाला होता.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅरागॉन पर्सनल फायनान्स या कंपनीविरुद्ध एका कर्जदार महिलेच्या बाजूने निकाल दिला आणि तक्रारीला नवे कारण मिळाले. तिने २००६ मध्ये ३४,००० पौंडांचे कर्ज घेतले होते. विम्याची किंमत होती ५,७८० पौंड. त्यांपैकी १,८७० दलालाला, २,२८० पॅरागॉनला आणि जेमतेम १,६३० विमा कंपनीला गेले. म्हणजे ७१.८ टक्के रक्कम कमिशनमध्ये गेली, आणि हा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता. तो सांगण्याची सक्ती नियमांत नव्हतीच. तरीही कमिशन इतके मोठे असताना ग्राहकाला अंधारात ठेवले, तर ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या १४०-ए कलमानुसार ते नाते अन्याय्य ठरते, असे लॉर्ड सम्प्शन यांनी म्हटले. यानंतर विमा नीट समजावून विकला असला, तरी कमिशन ५० टक्क्यांच्या वर असेल तर वरची रक्कम परत द्यावी, असे एफएसएच्या जागी आलेल्या नव्या नियामकाने, एफसीएने, ठरवले.

त्याबरोबरच तक्रारींना मुदतही घातली गेली. २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली. दोन वर्षांच्या जाहिरात मोहिमेत अर्नोल्ड श्वार्झनेगरचे यांत्रिक मुंडके लोकांना निर्णय घ्यायला बजावत असे. अखेरच्या दिवसांत अर्जांची इतकी झुंबड उडाली की, बँकांना पुन्हा अब्जावधी पौंडांची तरतूद करावी लागली.

त्या तारखेने बँकेकडे आणि लोकपालाकडे जाण्याचा मार्ग बंद झाला, न्यायालयाचा नाही. पूर्वीच्या एग बँकेने २००६ मध्ये दिलेल्या एका कर्जावर विम्याच्या किमतीतील ९५ टक्क्यांहून अधिक भाग कमिशनचा होता. कर्ज २०१० मध्ये संपले, दावा २०१८ मध्ये आला. बँकेने कमिशन जाणूनबुजून लपवले, म्हणून दाव्याची सहा वर्षांची मुदत ते ग्राहकाला कळल्यापासून मोजायची, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मोटारकर्जाच्या एका खटल्यात, विक्रेत्याला मिळालेले कमिशन कर्जापोटी ग्राहकाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के असल्याचे पाहून, तेच १४०-ए कलम ग्राहकाच्या बाजूने लावले. मोटारकर्जांच्या भरपाईसाठी एफसीएने त्यानंतर मांडलेल्या योजनेत पुढाकाराचा भार बँकांवर आणि वित्तसंस्थांवर टाकला आहे.