बल्ब कोंबडीचा, जीव गिनीपिगचा

डिसेंबर लागला की धुळ्यात रोज सकाळी एका आकड्याची चर्चा होते. कृषी महाविद्यालयात आज पारा किती उतरला? सात, सहा, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. आकडा पेपरात आला की देवपुरात कानटोप्या निघतात, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात, भरताच्या पार्ट्या ठरतात. आणि ज्या थोड्या घरांत गिनीपिग पाळलेले आहेत तिथे माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका, एक गोणपाट आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब खाली येतो.

माझं भांडण या बल्बाशी आहे. पण आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही समोरच्याला मान्य होईल इतका नीट. शिवाय हे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या अखेरच्या दिवसांचं गाव. इथे पुराव्याशिवाय बोलायची सोय नाही.

तर पूर्वपक्ष असा. गिनीपिग म्हणजे जेमतेम किलोभर वजनाचा जीव. जनावर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने त्याचं कातडं जास्त आणि तितकी अंगातली ऊब लवकर जाते. हे खरंच आहे. कान उघडे आणि पातळ, पायाचे तळवे बिनकेसांचे, हेही खरं. थंडीच्या दिवसांत हे प्राणी शिंकतात, नाक गाळतात, अंग आखडून बसतात आणि कधी कधी मरतात. हेही मी नाकारत नाही. आपण गोठ्याला तरट बांधतो, मग गिनीपिगाच्या खोक्याला गोणपाट गुंडाळून आत बल्ब लावला तर बिघडलं कुठे?

याच्या अगदी उलट बोलणारा दुसरा एक पक्ष आहे, त्याला आधी वाटेला लावतो. तो म्हणतो, हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला प्राणी, तीन-चार हजार मीटर उंचीवरचा. आपलं धुळं अडीचशे मीटरवर. त्याला कसली थंडी? राहू द्या बाल्कनीत. पण अँडीजमधली माणसं हा प्राणी हजारो वर्षं पाळत आली आहेत, आणि ती त्याला ठेवतात कुठे, तर स्वयंपाकघरात, चुलीच्या आसपास. रात्री बाहेर कडाक्याचा गारठा असतो तेव्हा हे कळप मातीच्या भिंतींच्या आत, जमिनीवर पसरलेल्या गवतात आणि सालपटांत असतात. त्यांचे रानातले भाईबंदही उंच गवतात बोगद्यासारख्या वाटा करून आडोशाला राहतात. म्हणजे डोंगरी म्हणून त्याला उघड्यावर टाकायचं, हे त्या डोंगरातल्या माणसांनाच मान्य नाही. हा पक्ष इथेच संपला.

आता बल्ब.

हा बल्ब आला कुठून, याचा मी बराच विचार केला. गाय, शेळी, पोपट यांच्याबद्दल आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांचं घरगुती शहाणपण आहे. गिनीपिगाबद्दल नाही, कारण महाराष्ट्रात त्याची खरी ओळख प्रयोगशाळेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेगचा शोध चालला होता तेव्हा ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या मागून आलेल्या प्लेग-संशोधकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले होते. उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढाव्यात आणि मोजता याव्यात, म्हणून. घराघरात फिरला, पण पिसवांचा सापळा म्हणून. पाळायला तो आपल्या घरात आला फार अलीकडे. मग त्याला थंडीत कसं ठेवायचं हे कुणाला विचारणार? आपण पोल्ट्रीवाल्याला विचारलं. खानदेशात नवापूरपर्यंत पोल्ट्र्यांची काय कमी? ब्रूडर सगळ्यांच्या पाहण्यातला: वर टोपी, आत बल्ब, खाली पिवळी पिल्लं. तीच रचना उचलून खोक्यात ठेवली.

कोंबडीच्या पिल्लाला तो बल्ब हवाच. अंड्यातून निघताना त्याच्या अंगावर नुसती लव असते, पिसं यायची असतात, आणि पहिला आठवडाभर त्याला बत्तीस ते पस्तीस अंशांची ऊब बाहेरून द्यावी लागते. गिनीपिगाचा जन्म मुळातच वेगळा आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. गिनीपिगाची सुमारे नऊ-दहा आठवडे पोटात वागवते. म्हणून पिल्लू जन्मतं तेच डोळे उघडलेलं, दात आलेलं, अंगभर केसांचं. एक-दोन दिवसांत आईच्या बरोबरीने गवत कुरतडायला लागतं. अंगातून ऊब तयार करणारी तपकिरी चरबी घेऊन ते आलेलं असतं. कोरडी जागा आणि आईची कूस मिळाली की त्याचं भागतं. ब्रूडर ज्या उणिवेसाठी बनला ती उणीवच याच्याकडे नाही.

गेल्या जानेवारीत शेजारचा सातवीतला मुलगा मला बोलवायला आला. त्याच्याकडे दोन गिनीपिग आहेत, एक पांढरी-तांबडी आणि एक काळी. म्हणाला, "काका, त्यांना कळतच नाही. बल्ब एका कोपऱ्यात लावलाय तर दोघी बरोब्बर दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतात." मी गेलो. खोक्यावर गोणपाट, गोणपाटावर प्लॅस्टिक. प्लॅस्टिक उचललं तर खालच्या बाजूला पाण्याचे थेंब टपोरलेले; एक थेंब काळीच्या पाठीवर पडला आणि तिने अंग झटकलं. मग मी खोक्यात डोकं घातलं. सार्वजनिक मुतारीत शिरल्यासारखा दर्प आला आणि डोळे चुरचुरले. खाली तळहात टेकवला तर भुसा ओला, कोमट. दोघी बल्बापासून जास्तीत जास्त लांब, पुठ्ठ्याच्या फटीशी नाक लावून बसल्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं.

त्या खोक्यात काय चाललं होतं? गिनीपिग दिवसभर खातो आणि दिवसभर मुततो. मुतातल्या युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, आणि ऊब आणि ओल मिळाली की हे काम झपाट्याने होतं. झाकणामुळे तो वायू आतच कोंडतो. आपण खोलीभर वरून श्वास घेतो. हा प्राणी भुशापासून दोन बोटांवर नाक ठेवून घेतो. श्वासनलिकेचं अस्तर चुरचुरून सुजलं की बॉर्डेटेलासारखे जंतू, जे एरवी नाकात गुपचूप पडून असतात, छातीत उतरतात. प्राणी शिंकायला लागतो. घरचे म्हणतात, थंडी लागली. बल्ब साठाचा शंभराचा होतो, आणखी एक गोधडी वर पडते. प्राणी मेला तर निदान पक्कं होतं: ऊब कमी पडली. चूक स्वतःचाच पुरावा तयार करत जाते, आणि पुढच्या वर्षी तोच सल्ला शेजारच्या गल्लीत दिला जातो.

पेपरातल्या आकड्याचीही एक गंमत आहे. तो आकडा मोकळ्या आवारातला, पहाटेचा. आमच्या सिमेंटच्या घरात खिडक्या लावल्या की त्याच पहाटे माझ्या भिंतीवरचा तापमापक सोळा-सतरा दाखवतो. गिनीपिगाला अठरा ते चोवीस अंश मानवतात असं साधारण मानलं जातं. म्हणजे भरून काढायचं अंतर एक-दोन अंशांचं, आणि त्यासाठी आपण भट्टी पेटवतो. तीच दुपारी घात करते. खानदेशचा हिवाया, अहिराणीत हिवाळ्याला असंच म्हणतात, सकाळी दात वाजवतो आणि दुपारी स्वेटर काढायला लावतो. पहाटे सात तर दुपारी अठ्ठावीस-तीस. शाळेच्या घाईत बल्ब चालूच राहिला, खिडकीतून ऊन आलं, की आतला पारा कुठे जाईल सांगता येत नाही. गिनीपिगाला घाम येत नाही. सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे तो धोक्यात येतो. ऐन जानेवारीत त्याला उष्माघात होऊ शकतो. आणि वायर कुरतडण्याचा त्याचा छंद मी जमेसही धरलेला नाही.

राहिलं अंग आखडणं. इथे मला जास्त वाईट वाटतं, कारण ही चूक बल्बाइतकी दिसत नाही. चालायला नको म्हणतो, सांधे सुजलेत, हात लावला की ओरडतो, केस विस्कटलेत. आपण म्हणतो, गारठ्याने आखडला. यातली बरीच लक्षणं स्कर्व्हीची आहेत. माणसासारखं गिनीपिगालाही स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाली. खलाशांचा हा रोग प्रयोगशाळेत प्रथम दिसला तो याच प्राण्यात. आणि आपण काय घालतो? गहू, बाजरी, पोळीचे तुकडे, फार तर कोंबडीचं खाद्य. थंडीत भाजी गार म्हणून तीही बंद. किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम, गाभण मादीला तीसपर्यंत, इतकंच क जीवनसत्त्व लागतं. पेरूच्या एका पातळ फोडीत दिवसाची गरज भागते. पेरू, आवळा, कोथिंबीर, सगळा बाजार याच दिवसांत भरलेला असतो. आखडलेल्या प्राण्याला बल्बाखाली सरकवण्याआधी त्याच्या ताटलीत काय आहे ते बघावं.

आणखी एक, घाईने पण कळकळीने. नाक गळतंय म्हणून घरातल्या पोराचं उरलेलं अँटिबायोटिक दोन थेंब पाजू नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे गेली की गिनीपिगाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी वाढतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. पेनिसिलिन गिनीपिगांना मारतं हे १९४० च्या दशकातच लक्षात आलं होतं. शिंकणारा प्राणी खायचा थांबला तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावा, आणि प्राणी कुठला आहे ते दोनदा सांगावं.

मग करायचं काय? फार थोडं. बाल्कनी सोडून पिंजरा घरात घ्या. फरशी गार मारते, म्हणून खाली चार विटा किंवा लाकडी पाट. दाराच्या आणि खिडकीच्या फटीतून येणारा झोत चुकवा, पण पिंजऱ्याचं तोंड मोकळं ठेवा. झाकायचंच तर तीन बाजू झाका. गोणपाट खाली अंथरू नका, मूत धरून ठेवतं. वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर वीतभर वाळलेलं गवत, मारवेलचं मिळालं तर उत्तम. ओलं झालेलं रोज काढायचं. वखारीतला बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते. एकटा असेल तर जोडीदार द्या, मात्र गिनीपिगच; सोबतीला ससा ठेवला तर तो लाथ मारतो आणि तो बॉर्डेटेलाही बरोबर आणतो. फारच गारठा असला किंवा प्राणी म्हातारा, आजारी असला तर कोमट पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून एका कडेला. एकाच कडेला, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला तिथून उठून जाता येतं. बल्बाच्या खोक्यात त्या दोघींना नेमकी हीच मुभा नव्हती.

शेजाऱ्यांनी बल्ब काढला तो जरा नाराजीनेच. पहिल्या रात्री मुलगा तीनदा उठून टॉर्चने बघून आला, असं त्याच्या आईने सांगितलं. खोका जाऊन मोकळा पिंजरा आला होता, आणि मी दिलेल्या गवताचा त्याने फार मन लावून घुमट रचला होता, आत शिरायला बोगदा ठेवून. सकाळी तो दार वाजवतच आला. मला वाटलं, काहीतरी झालं.

"काका, रात्री एवढं घर बांधून दिलं," तो म्हणाला, "सकाळपर्यंत त्यांनी छप्पर खाऊन टाकलं."