ग्लेन लिनचा फिडलवाला

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येला न्यू रिव्हर डोंगर कापत वेस्ट व्हर्जिनियात शिरते, त्या सीमेवर ग्लेन लिन नावाचं खेडं आहे. खेडं म्हणजे नदी, रेल्वेचे रूळ, थोडी घरं आणि जवळजवळ शंभर वर्षं कोळसा जाळून २०१५ साली बंद झालेलं वीजकेंद्र. आमच्या ब्लॅक्सबर्गहून तासाभरात पोचता येतं, पण मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे काही नाही. तरी घरी पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेते. पाहुणे बिचारे गाडीतूनच विचारतात, "इथे बघायचं काय?" मी सांगते, इथे हेन्री रीड राहायचा.

हा हेन्री रीड अमेरिकनांनाही ठाऊक नसतो, तेव्हा पाहुण्यांना दोष कशाला द्या. १८८४ साली पलीकडच्या मनरो काउंटीत जन्मला, १९६८ साली गेला. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचा, बँजो वाजवायचा, हार्मोनिकाही. १९२७ साली राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस याच डोंगराळ पट्ट्यातल्या ब्रिस्टल गावी यंत्रं मांडून बसला. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांच्या पहिल्या रेकॉर्डी तिथे झाल्या, त्यातून धंदा उभा राहिला, आज तिथे संग्रहालय आहे. रीडची मात्र बाजारात एकही रेकॉर्ड आली नाही. तो घरी वाजवायचा, शेजाऱ्यांच्या नाचाला वाजवायचा, पोरांबरोबर वाजवायचा. असं असूनही आज जगात कुठेही या डोंगरातलं ओल्ड-टाइम संगीत वाजवायला चार माणसं जमली, तर रीडची एखादी चाल निघाल्याशिवाय राहत नाही. हे कसं झालं, ते सांगण्यासारखं आहे.

ॲपलॅचियाच्या या डोंगरांत जुन्या गाण्यांचा साठा आहे, ही गोष्ट बाहेरच्यांना कळली त्याला शंभराहून थोडी अधिक वर्षं झाली. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाईंचे यजमान डोंगरातल्या शाळांची पाहणी करत फिरत. त्यांच्याबरोबर हिंडताना बाई गाणी उतरवून घेऊ लागल्या. ती वही त्यांनी इंग्लंडहून आलेल्या लोकगीतसंग्राहक सेसिल शार्पला दाखवली आणि शार्प चकित झाला. इंग्लंडात जी गाणी म्हाताऱ्यांच्या तोंडी कशीबशी तग धरून होती, ती इथे पोरंसोरंसुद्धा म्हणत होती. १९१६ ते १९१८ या काळात तो आणि त्याची सहकारी मॉड कार्पेलीस मिळून साधारण ४६ आठवडे डोंगरांत हिंडले. शार्पला दम्याचा त्रास. रस्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी ओढ्याचं पात्र. एखाद्या घराच्या पडवीत बसायचं, तो चाल टिपणार, ती लघुलिपीत शब्द टिपणार. सोळाशेहून अधिक चाली जमल्या. नुसत्या चिकाटीबद्दलसुद्धा मी त्या दोघांना नमस्कार करीन.

पण शार्पला हवं होतं ते इंग्लंड. डोंगरातली माणसं चर्चमधली भजनं म्हणत, फिडल-बँजोवर नाचाच्या चाली वाजवत, बाजारातून आलेली नवी गाणी गात. त्यातलं पुष्कळसं त्याने वगळलं. एकदा चढ चढून तो एका वस्तीत पोचला आणि वस्ती कृष्णवर्णीयांची निघाली. एवढी पायपीट फुकट गेली, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं, आणि तेही शोभणाऱ्या शब्दांत नव्हे. खरं तर १९१८ साली याच व्हर्जिनियात, नेलिसफर्डला, गुलामगिरीत जन्मलेल्या मारिया टोम्स नावाच्या वृद्ध बाईंनी त्याला 'बार्बरा ॲलन' हे बॅलड म्हणून दाखवलं होतं. म्हणजे त्याला जे 'इंग्लिश' हवं होतं, तेसुद्धा त्या वस्त्यांत होतंच. तिथे तो बसला असता तर आणखी काय काय मिळालं असतं, कोण जाणे. जतन करणारा माणूस चाळणी घेऊनच येतो.

पुढे चाळणीची भिंत झाली. १९३१ साली व्हाइटटॉप या उंच डोंगरावर लोकसंगीताचा मोठा उत्सव सुरू झाला. १९३३ साली एलेनॉर रूझवेल्ट स्वतः तिथे आल्या. माणसांची ही गर्दी उसळली. या उत्सवामागची एक मोठी असामी म्हणजे पियानोवादक जॉन पॉवेल. व्हर्जिनियात १९२४ साली वंशशुद्धीचा कायदा झाला, त्यासाठी धडपडणाऱ्यांत हा पुढे होता. त्याच्या उत्सवात कृष्णवर्णीयांना ना मंचावर जागा होती, ना प्रेक्षकांत. मंचावर बँजो मात्र वाजत होता, जो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी घडवला. पॉवेलसाहेबांना ही विसंगती टोचली असेल असं वाटत नाही. आमच्यासारख्यांचं म्हणाल, तर १९२३ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असं ठरवून टाकलं होतं. त्या डोंगरावर मी व्हायोलिनची पेटी घेऊन गेले असते तर वाटेतूनच परत यावं लागलं असतं.

उत्सव १९३९ नंतर बंद पडला. ग्लेन लिनला हेन्री रीड वाजवतच होता.

१९६६ च्या जूनमध्ये त्याच्या दारात एक तरुण आला. ॲलन जबूर. ड्यूक विद्यापीठात मध्ययुगीन इंग्रजी साहित्य शिकणारा, फ्लोरिडात वाढलेला, सीरियन वंशाचा, आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रात बसून आलेला पक्का शास्त्रीय व्हायोलिनवादक. खांद्याला टेपरेकॉर्डर. रीड तेव्हा ८२ वर्षांचा होता. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जबूर येत राहिला. त्या बैठकींची १८४ मुद्रणं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. रीड बोलता बोलता सांगायचा, ही चाल अमक्याकडून, ती तमक्याकडून. त्यात एक नाव सारखं येतं, क्विन्सी डिलियन. रीड लहान असताना मनरो काउंटीतला हा म्हातारा फिडल आणि लष्करी बासरी वाजवायचा. रीडने त्याच्याकडून उचललेल्या चाली एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. दोन माणसांच्या आयुष्यात सव्वाशे-दीडशे वर्षं सहज पार पडतात, मध्ये छापील कागदाचा तुकडाही लागत नाही.

जबूर नुसता टेप घेऊन गेला असता तर त्या फिती कपाटात पडून राहिल्या असत्या. त्याने त्या चाली स्वतः शिकून घेतल्या. विद्यापीठाच्या गावी, डरहॅमला, त्याच्या मित्रांचं टोळकं होतं, हॉलो रॉक स्ट्रिंग बँड. संध्याकाळी घरी जमून वाजवायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. १९६८ साली त्यांची एक तबकडी निघाली. तिच्यात रीडच्या चाली होत्या. शेकडो तरुणांनी ती तबकडी झिजवली. पुढे जबूर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरचा पहिला संचालक झाला, १९७६ पासून १९९९ पर्यंत. पण मला विचाराल तर त्याचं खरं काम त्या संध्याकाळच्या बैठकींत झालं.

त्याच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार पटते. तो म्हणे, या संगीताचा जीव डाव्या हाताच्या बोटांपेक्षा उजव्या हातातल्या गजात आहे. वजन जिथे पडायला हवं तिथे न पडता पुढच्या-मागच्या स्वरावर सरकतं, ही गजाची नागमोडी चाल, आणि ती आली असावी व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीय फिडलवाल्यांकडून, अठराशेच्या आसपास, गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र वाजवण्यातून. शार्पच्या वहीत हे सापडणं शक्यच नव्हतं, कारण गज कागदावर पुरता उतरत नाही. जवळच्या फ्रँकलिन काउंटीत शार्प पायी हिंडला होता. तिथल्याच फेरम कॉलेजच्या ब्लू रिज इन्स्टिट्यूटने १९७८ साली व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीय फिडल-बँजोवाल्यांची एक तबकडी काढली. ऐकून बघा.

मी मिरजेला व्हायोलिन शिकले. आमच्या गुरुजींकडे शिक्षण म्हणजे एक सूर, एक गज, टोकापासून टोकापर्यंत, थरथर न येऊ देता. ब्लॅक्सबर्गच्या चौकात बुधवारी संध्याकाळी मोकळी बैठक भरते, तिथे मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझे सूर बरोबर येत होते आणि तरी मी कुठेच नव्हते. शेजारच्या आजोबांनी एक चाल संपल्यावर एवढंच सांगितलं, "बाई, गज कमी वापर. चार बोटांएवढा पुरे." त्यांचं फिडल छातीला टेकलेलं, गज मधोमध धरलेला, मनगट दार ठोठावल्यासारखं हलत होतं. फिडल ठेवताना आतून खुळखुळ आवाज आला. आत रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा होता. इथले जुने वादक तो टाकतात. कोणी म्हणतं आवाज गोड होतो, कोणी म्हणतं उंदीर आत घर करत नाहीत. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या वडिलांनी टाकला होता, मी काढला नाही."

एक गोष्ट मात्र मला आयती मिळाली. इथले लोक ए सुरातल्या चालींसाठी फिडलच्या खालच्या दोन तारा चढवून घेतात. खालून वर ए-ई-ए-ई. म्हणजे सरळ सा-प-सा-प. कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन असंच लावतात, आणि मिरजेहून कर्नाटक काही लांब नाही. चाल एका तारेवर वाजते, शेजारची तार मोकळी घुमत राहते. बँजोची आखूड पाचवी तारही तोच एक सूर धरून बसते. त्या घुमण्यात शिरले आणि मग मला घरी आल्यासारखं वाटलं. मी बसतेही आपल्या पद्धतीने, चटई टाकून, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून. कोणी हरकत घेतली नाही. अडचण एकच झाली. एक चाल दहा-दहा मिनिटं फिरत राहते, आणि ज्याने ती सुरू केली त्याने 'आता शेवटचं आवर्तन' हे पाय उचलून सांगायचं असतं. मी मांडी घालून बसलेली, पाय कुठला उचलू? तेव्हा माझी चाल असली की सगळे माझ्या भुवयांकडे बघतात.

या बैठकीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. एकट्याने पुढे येऊन कसब दाखवायचं नाही. ते ब्लूग्रास संगीत वाजवणाऱ्यांचं काम. नवखा असेल त्याने बाहेरच्या कड्यात बसावं आणि हळू वाजवावं, म्हणजे आतल्यांना त्रास नाही आणि त्याला शिकायला मिळतं. सूर बदलला की बँजोवाल्यांना तारा पुन्हा लावाव्या लागतात, म्हणून एका सुरातल्या चाली संपवूनच पुढे जायचं. कागद समोर ठेवायचा नाही. मनाई कोणी करत नाही, पण ठेवणाऱ्याकडे लोक जरा दयेने बघतात.

रीडची एक चाल, 'ओव्हर द वॉटरफॉल', हॉलो रॉकच्या तबकडीवरून इतकी पसरली की नवशिक्याला पहिल्या महिन्यातच शिकवतात. परिणाम असा की मुरलेले लोक ती वाजवायलाच तयार नसतात. रीडचं गाव इथून जवळच, त्याच काउंटीतल्या न्यूपोर्टला त्याच्या नावाने फिडलवाल्यांचं संमेलन भरतं, आणि त्याची सगळ्यांत गाजलेली चाल काढली की नाकं मुरडतात! कोणी नवा मुलगा आला तर मी ती हमखास काढते.

मुलं येतात हे विशेष. २००० साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲलेगनी काउंटीत हेलन व्हाइट या बाईंनी शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो, गिटार कानाने शिकवण्याचा उपक्रम सुरू केला, ज्युनियर ॲपलॅचियन म्युझिशियन्स. आता तो आसपासच्या राज्यांत पसरला आहे. त्यातून तयार झालेली पोरं आमच्याकडे बुधवारी येतात, आणि आल्या आल्या आमच्यापेक्षा बरी वाजवतात.

त्यातलाच एक, अजून मिसरूड न फुटलेला, गेल्या उन्हाळ्यात रीडची एक चाल घेऊन आला. लायब्ररीच्या संकेतस्थळावरून त्याने मूळ मुद्रण उतरवलं, फोनवर निम्म्या वेगाने ऐकलं आणि जसंच्या तसं उचललं. दुसऱ्या भागात एका जागी ठेक्यात एक मात्रा जास्त येते. आम्ही सगळे तिथे ठेचकाळलो. अशा मुद्दाम वाकड्या चाली या डोंगरात पुष्कळ आहेत, तेव्हा ती मात्रा रीडची असू शकते. गिटारवाला मात्र ऐकायला तयार नाही. त्याचं म्हणणं, ८२ वर्षांच्या माणसाचा गज जरा अडकला, त्याला तुम्ही परंपरा म्हणणार का? आजोबा म्हणाले, नाचणाऱ्याच्या पायाला विचारा. त्यावरून तट पडले आहेत आणि अजून मिटलेले नाहीत. मी त्या मुलाच्या बाजूने आहे. बाकीचे एका आवर्तनात ती मात्रा घेतात, एकात सोडतात, आणि गिटारवाला दर वेळी मोठ्याने मोजतो.