स्मृतिवाटपातील कोंडी : एका दोषाचा इतिहास

मनमाडहून परभणी-पूर्णा मार्गे सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत घातला गेला, तो एकेरी होता. अशा मार्गावर स्थानकातील सर्व रूळ भरून दोन्ही दिशांच्या गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या, की कोणाचाही दोष नसताना कोणालाच हलता येत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीतील ‘डेडलॉक’ हा याच जातीचा होय.

१९६५ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी या अवस्थेस ‘प्राणघातक मिठी’ अशा अर्थाच्या शब्दांनी संबोधिले आणि सावकाराच्या दृष्टान्ताने उपाय सांगितला : प्रत्येक ऋणकोची कमाल गरज आधी ठाऊक असल्यास धोक्याचे कर्ज नाकारता येते. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी कोंडीच्या चार अटी निश्चित केल्या : वस्तूवर एकाचाच ताबा, जवळचे न सोडता अधिक मागणे, ताबा बळाने काढून न घेता येणे आणि परस्परांची वर्तुळाकार प्रतीक्षा. यांतील एक मोडली तरी कोंडी टळते.

१९९१ साली अवतरलेल्या लिनक्सच्या गाभ्यास, म्हणजे कर्नलला, सावकाराचा उपाय उपयोगी नव्हता. कारण कमाल गरज तेथे आधी कळत नाही. म्हणून स्मृती मोकळी करणाऱ्या कार्यांसाठी काही साठा राखून ठेवण्यात आला. स्थानकात एक रूळ रिकामा ठेवावा, तसाच हा प्रकार.

तथापि एक संकेत घातक ठरला. आठ पृष्ठांपर्यंतची, म्हणजे सामान्यतः ३२ किलोबाइटपर्यंतची, मागणी बहुधा कधीच नाकारली जात नसे. त्याचा परिणाम २०१४ च्या अखेरीस तेत्सुओ हांदा यांनी मांडलेल्या प्रकरणातून चर्चेत आला. एक कार्य कुलूप धरून स्मृती मागते. स्मृती संपल्याने कर्नल दुसऱ्या कार्यास मृत्युदंड देतो. परंतु ते दुसरे कार्य त्याच कुलपासाठी अडलेले असल्याने मरू शकत नाही, आणि ते मेल्यावाचून स्मृती सुटत नाही.

नकार देण्यास आरंभ करावा, हा उपाय सरळ दिसतो. परंतु नकार मिळाल्यास काय करावे हे सांगणारा संहितेतील भाग, नकार कधी मिळालाच नसल्यामुळे, बहुतांशी अपरीक्षित होता. अखेर २०१६ मध्ये मिखाल होत्स्को यांच्या प्रयत्नाने निराळी योजना आली : दंडित कार्याच्या मरणाची वाट न पाहता एका स्वतंत्र धाग्याने त्याची स्मृती काढून घ्यावी. तिसरी अट मोडली ती अशी.

तात्पर्य, ‘नकार नाही’ हे औदार्य अभयदान वाटत असले, तरी कोंडीचे मूळ त्यातच दडलेले होते.