तारण : सर्वांचे की श्रद्धावंताचे? – टिळक दाम्पत्याच्या संदर्भात एक विचार

ख्रिस्ती धर्मविचारात तारण सार्वत्रिक आहे की व्यक्तीच्या विश्वासावर अवलंबून आहे, हा वाद जुना आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा सांगितली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र प्रीती साऱ्या जगावर, पण सार्वकालिक जीवन विश्वास ठेवणाऱ्यास, अशी मांडणी येते. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ख्रिस्ताचे मरण सर्वांसाठी पुरेसे, परंतु निवडलेल्यांसाठीच परिणामकारक, असा निर्णय दिला. महाराष्ट्रात हा प्रश्न धर्मसभेपेक्षा घराघरांतून अधिक तीव्रपणे उभा राहिला.

नाशिकच्या रामकुंडावर पुत्राने पिंडदान केले म्हणजे पितरांना गती मिळते, ही परंपरागत श्रद्धा आहे. एकाच्या कर्माने दुसऱ्याचा उद्धार होतो, हे तीत गृहीत आहे. १८५४ मध्ये याच नाशिकजवळ शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. व्यक्तिगत विश्वासाचा आग्रह धरणारी शिकवण अशा भूमीत आली, तेव्हा ख्रिस्ताचे नावही न ऐकता निवर्तलेल्या पूर्वजांचे काय, ही शंका अपरिहार्य होती.

या शंकेचे पडसाद अमेरिकेतही उमटले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम १८८६ मध्ये रजेवर मायदेशी होते. शुभवर्तमान न ऐकता मेलेल्यांना मरणोत्तर संधी मिळत असावी, या अँडोव्हर धर्मशास्त्रविद्यालयातील मताला त्यांनी सहानुभूती दर्शविली. परिणामी त्यांची भारतात पाठवणी काही काळ रोखली गेली. अखेर परवानगी मिळाली. ह्यूम यांनी विश्वासाची अट सोडली नव्हती, केवळ तिची कालमर्यादा सैल केली होती. तेवढ्यानेही मोठा गदारोळ झाला, ही बाब बोलकी आहे.

पुढे ह्यूम यांच्याच सहवासात अहमदनगरला नारायण वामन टिळक वावरले. त्यांचे शिक्षण नाशिकला झाले होते आणि पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत एकट्याने बाप्तिस्मा घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी सहकुटुंब बाप्तिस्मा घेतो. कुटुंबप्रमुखामागे घर, हा तो दाखला. टिळकांच्या घरी तो लागू पडला नाही. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या तरी त्यांनी सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीच्या धर्मांतराने पत्नी ख्रिस्ती होत नाही, हे या वेगळ्या चुलीने धर्मपंडितांपेक्षा स्पष्टपणे दाखविले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

त्यांचे मनःपरिवर्तन सुरू झाले ते ख्रिस्तशास्त्रीय युक्तिवादातून नव्हे. जन्म, भूक, मृत्यू सर्वांना सारखेच असताना जातिभेद देवाने केलेला कसा असेल, हा प्रश्न त्यांना पडला, आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा त्यांनी निश्चय केला. सर्व माणसे एका देवाची, ही सार्वत्रिकतेची जाणीव आधी आली. १९०० मधील बाप्तिस्मा नंतरचा. वादात परस्परविरोधी मानली जाणारी दोन्ही टोके येथे एकाच प्रवासाचे टप्पे आहेत. 'स्मृतिचित्रे'कडे अभ्यासक बहुधा वाङ्मय म्हणूनच पाहतात; धर्मशास्त्रीय साक्ष म्हणूनही त्याचे वाचन व्हावयास हवे.

टिळकांचा प्रवास उलट दिशेने झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोहोंना प्रवेश होता. याला सर्वतारणवाद म्हणणे मात्र चुकीचे होईल. ख्रिस्ताचे शिष्यत्व ही अट कायम होती. गळली ती चर्चच्या नोंदवहीतील नावाची अट. सभासदत्व आणि विश्वास यांतील हा भेद अनेक मिशनरींना पटला नाही, आणि त्यांच्या दृष्टीने तो धोकादायकही होता, कारण दृश्य मंडळी बाप्तिस्म्यावरच उभी असते. दरबाराला संस्थेचे स्थिर रूप येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.