मोल आणि मान

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश हें गांव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळें ओळखलें जातें. देवळांतील मूर्ति कायमची. भाद्रपदांत घरोघर येणारी मातीची मूर्ति मात्र दरसाल नव्यानें सांगून करवून घ्यावी लागते. कारागिराच्या हातीं काय ठेवावें व कसें ठेवावें, हा जुना शिष्टाचार तिच्याच निमित्तानें अजून पाहावयास मिळतो.

बलुतेदारीच्या काळीं सुतार-कुंभारांना सुगीला धान्य मिळे. पण तें नित्याच्या कामाचें. कोणी नक्षीदार देव्हारा करविला, तर त्याचा हिशेब निराळा होई, आणि काम मनासारखें उतरलें तर वर शिधा किंवा पागोटें देत. या वरच्या देण्याला भाषेंत शब्दहि अनेक आहेत. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. इनाम, खिलत, बक्षीस हे शब्द तेथें रोजच्या बोलण्यांतले. खिलत म्हणजे मानाचा पोशाख, तो भर दरबारांत मिळे. बिदागी निरोपाच्या वेळीं द्यावयाची. बक्षीस हा शब्द मात्र हळूहळू घसरला आणि हुजऱ्याच्या हातावर ठेवलेल्या नाण्यापर्यंत आला. गुणी माणसाला तें टोंचावें, यांत नवल नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. मोल आधीं ठरलें नाहीं, म्हणजे यजमान बक्षिसाच्या नांवाखालीं मजुरीच देतो, आणि वर उपकारहि मिरवितो. बडोद्यास असें घडलें नाहीं. १८८८ सालीं सयाजीराव गायकवाडांनीं राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक चित्रें सांगितलीं, तीं ५०,००० रुपयांस. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हे! पुढें लोकांनीं चित्रें पाहावयास गर्दी केली, तो मान वेगळा. त्याची वजावट मोलांतून झाली नाहीं.

मातीच्या गणपतीची गोष्ट याहून नाजूक. देवाच्या मूर्तीसाठीं घासाघीस करणें कित्येक घरांत आजहि अनुचित मानतात. म्हणून संकोच राखावा लागतो तो यजमानानें. नाहींतर मूर्तिकाराच्या भिडेचाच फायदा घेतल्यासारखें होतें. कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं घरचा पाट आधींच मूर्तिकाराकडे पोंचवितात. चतुर्थीला मूर्ति नेतांना ठरलेले पैसे चुकते करून, विडा, नारळ व दक्षिणा निराळी ठेवतात, आणि मगच पाट उचलतात.