गादीचा जुना दावेदार

सिलिकॉनची सद्दी संपत आली, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. मग ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब अशी नावं झळकतात. या रांगेत सगळ्यांत आधी येऊन उभं राहिलेलं गॅलियम आर्सेनाइड मात्र कुणाला आठवत नाही.

त्याच्या कुळातला गॅलियम हा धातू सापडण्याआधीच भाकितात होता. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याची जागा राखून ठेवली होती. १८७५ मध्ये फ्रान्सच्या ल्कॉक द ब्वाबोद्रां यांना तो जस्ताच्या खनिजात सापडला. त्यांनी घनता ४.७ मोजली. धातू डोळ्यांनीही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने कळवलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. शुद्ध नमुना घेऊन मोजल्यावर तेवढीच आली! हा धातू तिशीच्या आत वितळतो. तळहातावर ठेवला तरी पाझरायला लागतो. कुळाची दुसरी बाजू आर्सेनिकची, म्हणजे सोमलाच्या घराण्यातली.

सीमेन्सच्या हाइनरिख वेल्कर यांनी १९५० च्या सुमारास अशा जोडसंयुगांचा अर्धवाहक म्हणून अभ्यास सुरू केला. तेव्हा सिलिकॉन स्वतःही गादीवर नव्हतं. पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या पाच-सहा पट सहज पळतात. वेगावरच निकाल लागायचा असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

निकाल लावला गंजाने. सिलिकॉनची चकती हजारेक अंशांवर ऑक्सिजनमध्ये तापवली की तिच्यावर तिच्याच ऑक्साइडचा, म्हणजे काचेच्या जातीचा, पातळ थर चढतो. हा थर वीज अडवतो आणि खालच्या स्फटिकाला घट्ट, निर्दोष चिकटून बसतो. १९५९-६० मध्ये बेल लॅब्जमधल्या अटाला आणि कांग यांनी त्याच्याच आधारावर मॉसफेट हा ट्रान्झिस्टर उभा केला. गॅलियम आर्सेनाइड तापवलं तर आर्सेनिक उडून जायला बघतं आणि वर उरणारा ऑक्साइड अगदीच कुचकामी निघतो. त्यात चकती ठिसूळ आणि महाग.

महासंगणक बांधणाऱ्या सीमोर क्रे यांनी तरीही हट्ट धरला. आपला क्रे-३ त्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या चिपांवर बांधला. एक यंत्र १९९३ मध्ये कोलोरॅडोतल्या हवामान संशोधन केंद्रात पोचलं, पण गिऱ्हाईक काही मिळालं नाही. १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. माझ्या मते क्रेंचा पदार्थ चुकला नव्हता, काम चुकलं होतं. गणितात सिलिकॉनला गाठणं अवघड होतं. रेडिओलहरींच्या कामात त्याच पदार्थाने बाजी मारली. मोबाइलमधला संदेश टॉवरकडे जोरात फेकणारा प्रवर्धक बहुधा गॅलियम आर्सेनाइडचाच असतो.

आणि २००७ मध्ये इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्ये त्या काचेच्या जागी हाफ्नियमच्या संयुगाचा बाहेरून चढवलेला थर वापरला. सिलिकॉनने स्वतःच आपल्या गंजाची साथ सोडली. तेव्हापासून गॅलियम आर्सेनाइड आणि त्याच्या भाऊबंदांवर असे उसने थर चढवून त्यांचे ट्रान्झिस्टर करण्याच्या प्रयोगांना जोर आला.